‘ओजामा शिमास’मधलं भूत नक्की कुणाचं? एका अक्षराची चौकशी

भिंगरी (धागाकर्ती)

मंडळी, पुण्यात जपानीच्या क्लासला जायला लागून दीड वर्ष झालं. डिसेंबरात तिसऱ्या पातळीची परीक्षा आहे आणि कांजी (जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं) पाठ करून करून डोळ्यांपुढे काड्या नाचतात. पण परवा एका अक्षरापाशी अडकले ती अडकलेच.

जपानमध्ये कुणाच्या घरात शिरताना, बूट काढता काढता, ‘ओजामा शिमास’ म्हणायचं असतं. आपण ‘येऊ का?’ म्हणतो तसं. सेन्सेईंनी (म्हणजे आमच्या बाईंनी) सांगितलं, ‘जामा’ म्हणजे अडथळा, व्यत्यय, ‘तुम्हाला त्रास द्यायला आलोय’ असा नम्रपणा. इथवर ठीक. घरी येऊन कोश उघडला तर ‘जा’चं अक्षर म्हणजे दुष्ट, कुटिल आणि ‘मा’चं अक्षर म्हणजे चक्क सैतान! म्हणजे पाहुणा उंबऱ्यात उभा राहून म्हणतो, ‘दुष्ट सैतान येतोय हो आत’.

अक्षर इथे चिकटवलं तर नुसता चौकोन दिसतोय, म्हणून तोंडी काढून दाखवते. एक छप्पर, त्याची डावी बाजू खाली ओघळलेली, पडवीसारखी. पडवीत शेजारी शेजारी दोन झाडं. झाडांच्या खाली बसलंय भूत. छप्पर आणि झाडं मिळून भांगेचं झाड, म्हणजे ज्याच्या सालीचा वाख काढतात ते. एकूण २१ रेघा.

प्रश्न दोन. एक, हा ‘मा’ म्हणजे बुद्धाला त्रास देणारा आपला ‘मार’ का? दोन, भुताच्या डोक्यावर भांग कशाला?

उपटसुंभ

पहिला! चहा आणि चिवडा घेऊन बसतोय, जागा धरून ठेवा.

सुतळीबाँब

दुसऱ्या प्रश्नात कसलं आलंय कोडं? भांग वर, भूत खाली. आधी भांग घेतली, मग भूत दिसलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या आळीत या अक्षराची प्रात्यक्षिकं होतात.

ओसाकातला जोशी

भिंगरीताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. तोच मार.

जरा सविस्तर लिहितो, आज इथे सुट्टी आहे. हे अक्षर चीनमध्ये मुळात नव्हतं. श्यू शन नावाच्या पंडिताने इ. स. १००च्या सुमारास चिनी अक्षरांचा पहिला मोठा कोश केला, नऊ हजारांवर अक्षरं. त्यात भूत आहे, भांग आहे, हे नाही. पुढे ९८६ साली त्या कोशाची सुधारलेली आवृत्ती निघाली, तेव्हा नव्याने भर घातलेल्या अक्षरांत हे येतं. अर्थ दिलाय ‘भूत’, आणि शेजारी स्पष्ट नोंद: भूत हे अर्थासाठी, भांग ही उच्चारासाठी.

मधल्या काळात काय झालं? बौद्ध ग्रंथ चीनमध्ये पोचले आणि भाषांतरकारांपुढे ‘मार’ उभा राहिला. त्याला चिनी प्रतिशब्द काय द्यायचा? तिथे भुतं होती, पण ती मेलेल्या माणसांची. साधकाला मोहात पाडून ध्यानातून उठवणारा असा कुणी नव्हता. मग त्यांनी आवाजच उचलला, दोन अक्षरांत ‘मा-रा’. पुढे दुसरं अक्षर गळालं आणि एकटा ‘मा’ उरला.

सुरुवातीला या ‘मा’साठी ते दळण्याचं अक्षर वापरत. तीच पडवी, तीच दोन झाडं, पण खाली भुताऐवजी दगड. दगड काढून भूत बसवलं ते ल्यांग घराण्याच्या वू सम्राटाने, असं परंपरेने सांगतात. त्याची कारकीर्द ५०२ ते ५४९. गडी इतका श्रद्धाळू की स्वतःला दास म्हणून मठाला अर्पण करायचा आणि दरबाऱ्यांना पैसे भरून त्याला सोडवून आणावं लागायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आता भूत त्याने स्वतः बसवलं की कुणा कारकुनाने बसवून त्याच्या नावावर खपवलं, हा भाग सोडा. पाटी राजाच्या नावाची लागते, गवंड्याची नाही.

सुतळीबाँब

म्हणजे माझी भांगेची थिअरी पाण्यात?

ओसाकातला जोशी

पाण्यातच. भांग तिथे फक्त ‘मा’ असं ओरडायला उभी आहे. बहुतेक चिनी अक्षरं अशीच, अर्धा भाग अर्थाचा आणि अर्धा आवाजाचा. पडवी आणि दोन झाडं तीच ठेवा, तळमजल्यावरचा भाडेकरू बदला. दगड ठेवलात तर दळणे, घासणे. हात ठेवलात तर चोळणे. भूत ठेवलंत तर मार. तिघांचाही जपानी उच्चार ‘मा’.

भिंगरी

अय्या! हात, दगड आणि भूत मी तीन वेगवेगळी अक्षरं म्हणून तीन आठवडे घोकत होते. क्लासमध्ये हे आधी का नाही सांगत?

उपटसुंभ

सांगितलं तर तीन आठवड्यांची फी कशी घेणार?

निवांत पाटील

वाचून ऊर भरून आला. म्हणजे चीन-जपानची लिपीसुद्धा आपणच दिली म्हणायची!

पेनटोप

पाटील, अहो दमानं. आपला फक्त आवाज गेलाय. रेघा त्यांच्या, भूत त्यांचं, भांगही त्यांचीच. शेजाऱ्याने आपल्याकडून विरजण नेलं म्हणून त्याची म्हैस आपली होत नाही.

निवांत पाटील

विरजणाशिवाय दही लागतं का, ते सांगा मग.

पेनटोप

लागलेलंच होतं. हजार-दीड हजार वर्षं आधीपासून लिहितायत ते.

शांघाय रिटर्न

चार वर्षं तिकडे काढली म्हणून चीनची बाजू मांडतो. पहिली दुरुस्ती, चीनमध्ये याच्या २० रेघा, २१ नाहीत. भिंगरीताईंचंही बरोबर आहे, जपानमध्ये २१च. भांडण भुतात आहे. भुताच्या डोक्याच्या चौकोनातून डाव्या पायापर्यंत जी रेघ येते ती चीनमध्ये एका दमात ओढतात, जपानमध्ये चौकोनाखाली थांबून नवी सुरू करतात. म्हणून भूत तिकडे नऊ रेघांचं, इकडे दहा.

दुसरं, उच्चार. आज मँडरिनमध्ये हा ‘मा’ राहिलेला नाही, ‘मो’ झालाय. गंमत म्हणजे भांग अजूनही ‘मा’च. आवाजासाठी जिला पडवीत आणून बसवलं तिचाच आवाज आता जुळत नाही. जपान्यांनी जुना आवाज धरून ठेवला. कोरियातही ‘मा’. व्हिएतनाममध्ये तर ‘मा’ म्हणजे साधं आपलं भूतच, पिंपळावरचं.

रोजच्या चिनीत या अक्षराचा दरारा फारसा उरलेला नाही. जादूचे प्रयोग म्हणजे ‘मोशू’. ते सहा रंगांचं फिरवाफिरवीचं ठोकळ्याचं कोडं, ते ‘मोफांग’, म्हणजे मायावी चौकोन. आणि शांघायला तरुण पोरं लाडाने ‘मोदू’ म्हणतात, मायानगरी. हे नाव जपानी लेखक मुरामात्सु शोफू याच्या १९२४च्या पुस्तकावरून आलं. आपला आवाज चीनमध्ये गेला, अक्षर होऊन जपानमध्ये गेलं, आणि शहराचं टोपणनाव होऊन परत चीनमध्ये आलं.

सुतळीबाँब

त्या भांगेचा अजून काही उपयोग करतात का, की नुसती पडवीत उभी?

शांघाय रिटर्न

करतात की. त्याच अक्षराचा दुसरा अर्थ बधीर होणे. सिचुआनी जेवणात तिरफळासारखे दाणे घालतात, जीभ झिणझिणते, तो झणका म्हणजे ‘मा’. तिखट म्हणजे ‘ला’. दोन्ही मिळून ‘माला’. भूल देणाऱ्या औषधाच्या शब्दातही हीच भांग.

कोंकणस्थ कुणीतरी

तिरफळ म्हटलंत आणि बांगड्याची आमटी आठवली. धागा भरकटवल्याबद्दल क्षमस्व, पण त्यांचे दाणे आणि आपली तिरफळं एकाच कुळातली. ओली तिरफळं चावली की ओठ जे झिणझिणतात त्याला मराठीत एक सुटसुटीत शब्द नाही, याचं मला लहानपणापासून दुःख आहे. आता ‘मा’ म्हणेन.

काकूबाई

मला यातलं फार कळत नाही. मुलगा योकोहामाला असतो. मागच्या दिवाळीत त्याने थर्मास आणला, सकाळी सातचा चहा दुपारी तीनला पोळतो. खोक्यावर चार-पाच चित्रं आहेत, पैकी पहिलं तुम्ही म्हणता तसंच दिसतंय. छप्पर, दोन झाडं आणि खाली काहीतरी पाय फाकून बसलंय. चहात भूत कशाला घातलं म्हणते मी?

ओसाकातला जोशी

काकू, अचूक ओळखलंत! थर्मासला जपानीत ‘माहोबिन’ म्हणतात. ‘माहो’ म्हणजे जादू, शब्दशः मायावी विद्या, आणि ‘बिन’ म्हणजे बाटली. जादूची बाटली. परीक्षेला न बसता एक कांजी पास झालात.

काकूबाई

मग बरं झालं विचारलं. मी ते खोकं देवघराखालच्या कपाटात ठेवलं होतं. आता हलवते.

पाटीपेन्सिल

एम. ए.ला पाली होतं, म्हणून थोडी भर.

‘मार’ हा ‘मृ’ धातूवरून, मरायला लावणारा तो मार. आपलं ‘मारणे’ त्याच घरातलं. पण बौद्ध ग्रंथांत तो शिंगं-सुळेवाला राक्षस असलाच पाहिजे असं नाही. सुत्तनिपातातल्या पधानसुत्तात बुद्ध त्याच्या सैन्याची मोजदाद करतो. पहिली तुकडी कामवासना, दुसरी अरति म्हणजे मन न रमणं, मग भूक-तहान, मग तृष्णा, पाचवी थीनमिद्ध म्हणजे आळस आणि पेंग, सहावी भीती, सातवी शंका. पुढे आहेतच आणखी. म्हणजे सगळी घरचीच माणसं.

या पाचव्या तुकडीमुळे मला जपानीतला एक शब्द फार आवडतो, ‘सुइमा’. ‘सुइ’ म्हणजे झोप आणि ‘मा’ तोच आपला. दुपारी जेवणानंतर मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागले की जपानी माणूस म्हणतो, सुइमाने हल्ला केला. आजाराला ‘ब्योमा’, व्याधिरूपी मार.

उपटसुंभ

उद्यापासून साहेबांना सांगणार, मी झोपलो नव्हतो, माराच्या पाचव्या तुकडीशी लढत होतो.

धुळेकर

मार पाहायचा तर जपानला कशाला जाता, अजिंठ्याला जा. २६ नंबरचं लेणं. सगळे आत शिरले की निजलेल्या बुद्धाच्या मूर्तीपाशी गर्दी करतात, फोटो काढतात आणि निघतात. त्याच डाव्या भिंतीवर पुढे सरका. बुद्ध बसलाय, उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकलेली, भूमीला साक्षीला बोलावलंय. वरून, बाजूने माराची फौज चालून येतेय आणि खाली त्याच्या पोरी नाचतायत. गाईडने टॉर्च तिरपा धरला तेव्हा कळलं की अख्ख्या भिंतीत हलत नाहीये तो फक्त मधला माणूस. पोरगं म्हणालं, बाबा, याला डिस्टर्ब करतायत का सगळे?

१ नंबरच्या लेण्यात हाच प्रसंग रंगवलेलाही आहे, पण तिथे अंधार आणि मागून रेटा.

पाटीपेन्सिल

धुळेकर, पोराला शाबासकी द्या. ‘डिस्टर्ब’ म्हणजेच ‘जामा’! भिंगरीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर पोराने दिलं की. ‘जामा’ म्हणजे आधी साधनेत विघ्न आणणारे दुष्ट मार. तिथून कुठलंही विघ्न, आणि आज आगगाडीच्या दारात कुणी बॅग आडवी ठेवली तरी ‘जामा’.

ओसाकातला जोशी

आगगाडीत कुणी तोंडावर ‘जामा!’ म्हणालं तर ते फार उद्धट, ‘ए, हो बाजूला’ याच्याही वरचं. मागे-पुढे ‘ओ’ आणि ‘शिमास’ लावलं की तोच शब्द सोवळं नेसतो. इथे आलो तेव्हा नवशिका होतो. पहिल्या वर्षी एका वयस्कर गृहस्थांकडे जेवायला गेलो, दारात ‘शिमास’ विसरलो आणि नुसतं ‘जामा’ म्हणून थांबलो. म्हणजे मी यजमानालाच सांगितलं, तू मधे येतोयस. ते खरंच बाजूला झाले. त्यांच्या सौ. दारामागे हसत होत्या ते मला जेवण होईपर्यंत कळलं नाही.

भिंगरी

😂😂 वहीत लाल शाईने लिहून ठेवते.

काळा कोट

या अक्षराची कोर्टकचेरीही झालेली आहे. १९९३ साली टोकियोजवळच्या आकिशिमा शहरात एका बापाने मुलाचं नाव नोंदवायला दिलं ‘आकुमा’. ‘आकु’ म्हणजे वाईट आणि ‘मा’ हाच. थेट सैतान. जपानमध्ये नावात कुठली कांजी चालतात याची सरकारी यादी असते, आणि ही दोन्ही रोजच्या वापरातली म्हणून यादीत बसत होती. कारकुनाने आधी कागद घेतला, मग वरिष्ठांचं डोकं ठिकाणावर आलं आणि नोंद अडवली. बाप न्यायालयात गेला. कौटुंबिक न्यायालयाचं म्हणणं गमतीदार होतं: नाव ठेवण्याच्या हक्काचा हा दुरुपयोगच आहे, पण एकदा स्वीकारलेली नोंद खोडायची कार्यालयाची पद्धतही चुकीची. शेवटी बापानेच माघार घेऊन दुसरं नाव दिलं. देशभर चर्चा झाली होती.

सुतळीबाँब

आमच्याकडे पोरं जगावीत म्हणून धोंड्या, दगडू ठेवायचे. बघा, तिथेही दगडच.

पेनटोप

एक शंका. हे अक्षर जिथे जिथे दिसेल तिथे मार समजायचा का?

पाटीपेन्सिल

हो, जवळजवळ सगळीकडे.

ओसाकातला जोशी

इथे मी आडवा येतो (जामा करतो). सगळीकडे नाही.

यमाला जपानीत ‘एन्मा’ म्हणतात. खोटं बोललास तर एन्मा जीभ उपटेल, असं आया पोरांना सांगतात. त्यातला ‘मा’ याच भुताच्या अक्षराने लिहितात, पण तो ‘यम’मधला म आहे, माराचा काही संबंध नाही. दुसरं उदाहरण याहून भारी. मरतानाच्या तडफडीला ‘दानमात्सुमा’ म्हणतात. ‘दान’ म्हणजे तोडणे आणि ‘मात्सुमा’ म्हणजे संस्कृत ‘मर्मन्’. मर्मच्छेद! तिथेही हेच भूत बसवलंय, निव्वळ आवाजापोटी.

आणि उलटी गंमत. नवस बोलून एक डोळा रंगवायची ती लाल गोल दारुमा बाहुली पाहिली असेल. दारुमा म्हणजे बोधिधर्म हा बौद्ध भिक्षू, आणि नाव म्हणजे ‘धर्म’ शब्दाचा जपानी अवतार. त्यातला ‘मा’ जपानमध्ये लिहितात तो जुन्या दगडवाल्या अक्षराने, ज्यातून वू सम्राटाने दगड काढला म्हणतात त्याच. चीनमध्ये त्याच नावात बहुधा हातवालं अक्षर असतं.

पाटीपेन्सिल

मर्मन् माहीत नव्हतं. माझे शब्द मागे. वैद्यकातलं मर्म जपानीत जाऊन असं तडफडत असेल असं वाटलं नव्हतं.

निवांत पाटील

यम आपला, धर्म आपला, मर्म आपलं, मार आपला. म्हैस त्यांचीच, मान्य. पण दही आपलं.

पेनटोप

बरं बाबा, घ्या वाटी.

चुकार

‘मारा’ या पूर्ण शब्दाला जपानीत एक अचकट अर्थही आहे, तो कुणी सांगत का नाही? भिक्षूंच्या आपसातल्या बोलीतून आला म्हणतात. साधनेत सगळ्यात मोठं विघ्न कुठून येतं याचा विचार करा...

संपादक

चुकार, विचार झाला. तपशील व्यनितून (खासगी निरोपातून). काकूबाई हा धागा वाचतायत.

काकूबाई

वाचतेय आणि कळलंय. साठी उलटलीय माझी.

सांजवारा

उशिरा आले. भुताच्या अक्षरावर कुणी बोललंच नाही. जोशीबुवा म्हणाले तसं चीनमध्ये ते मेलेल्या माणसाचं भूत. दारुड्याला चिनीत ‘दारूचं भूत’ म्हणतात, चिक्कू माणसालाही भूतच. जपानमध्ये त्याच अक्षराला ‘ओनी’ वाचतात. तो शिंगांचा, लाल-निळा, वाघाच्या कातड्याची लंगोटी घातलेला. अक्षर एक, पण दोघांच्या डोळ्यांपुढे येणारं ध्यान वेगळं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुनच्या सणाला घरोघरी भाजलेले सोयाबीन फेकून ओरडतात, ‘ओनी बाहेर, भाग्य आत’. मला दर वेळी बलिप्रतिपदेची आई आठवते, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’.

शांघाय रिटर्न

दगड आणि भुताच्या अदलाबदलीवरून आठवलं, ती पुरती मिटलेलीच नाही. चिनीत म्हण आहे, ‘हाओशर दुओ मो’, चांगल्या कामाला फार ‘मो’. आज लिहितात ती दगडवाल्या अक्षराने, म्हणजे चांगल्या कामाला घासाघीस फार. पण जुन्या पुस्तकांत तीच म्हण भूतवाल्या अक्षरानेही सापडते, अठराव्या शतकातल्या ‘लाल महालाचं स्वप्न’ या प्रसिद्ध कादंबरीत पहिल्याच प्रकरणात. म्हणजे चांगल्या कामात विघ्नं फार. उच्चार एकच, त्यामुळे ऐकणाऱ्याने ठरवायचं, दगड की भूत.

पाटीपेन्सिल

श्रेयांसि बहुविघ्नानि!

भिंगरी

सगळ्यांना दंडवत. एका अक्षराला इतके प्रतिसाद, आणि अभ्यासक्रमात अजून सहाशे बाकी.

काल क्लासनंतर सेन्सेईंच्या घरी पुस्तक आणायला गेले होते. दारात नीट, पूर्ण, ‘शिमास’सकट म्हटलं. मग त्यांना विचारलं, हा ‘मा’ मार आहे हे तुम्हाला माहीत होतं का? त्या जपानीच आहेत, लग्न होऊन बावीस वर्षं पुण्यात. म्हणाल्या, “नाही गं. आम्ही बोलताना अक्षर कुठे बघतो? तुम्ही ‘शिंच्या’ म्हणताना बघता का?” नंतर कागद घेऊन त्यांनी ते अक्षर माझ्यासमोर काढलं, सावकाश, तोंडाने आकडे मोजत. भुताच्या चौकोनाखाली पेन उचलून थांबल्या आणि डावा पाय वेगळा काढला. २१च भरल्या.

उपटसुंभ

चिवडा संपला. निघताना काय म्हणायचं?

ओसाकातला जोशी

‘ओजामा शिमाशिता’. व्यत्यय आणून झाला.

काकूबाई

जोशी, जायच्या आधी एक सांगा. त्या जादूच्या बाटलीच्या झाकणातलं रबर सैल झालंय, इथे मिळेल का कुठे?